मुलुंडच्या गेटावरची विशाखा

मुंबईला जाऊन आले म्हटलं की आमच्या वडगावात पहिला प्रश्न ठरलेला, "समुद्र बघितला काय?" मी नाही बघितला. मी मुलुंड बघितलं, आणि मुलुंडमध्येही एकच गेट बघितलं, हिरव्या पत्र्याचं, सोमवार ते गुरुवार. मधल्या एका दिवशी साकीनाका आणि दहिसर घडलं, तेही एका बाईच्या कृपेनं. त्या बाईचं नाव काढलं की अजून माझ्या पोटात दुखतं. पण लिहायला बसले तर तिच्याशिवाय पान पुढं सरकत नाही, काय करणार?

आधी आमचं सांगते. आमच्या ह्यांचा स्वतःचा ट्रक आहे. आम्ही त्याला गाडीच म्हणतो. मालक तेच, ड्रायव्हरही तेच. वीस वर्षं दुसऱ्याच्या गाड्या चालवून सात वर्षांपूर्वी ही घेतली. चालवण्याच्या दगदगीचं त्यांना काही वाटत नाही, वाटतं ते थांबण्याचं. माल घेऊन वेळेवर जायचं आणि गोडाऊनवाल्यांनी म्हणायचं, थांबा. कधी दोन दिवस, कधी चार. तेवढ्यात पुढची खेप बुडते. धंद्याचा रिवाज असा, की पहिला दिवस फुकट थांबायचं आणि पुढच्या दर दिवसाचे पैसे ट्रान्सपोर्टवाल्यानं गाडीमालकाला द्यायचे. याला हॉल्टिंग म्हणतात. रिवाज ऐकायला झकास आहे. आमच्या तोंडाला मात्र दोन वर्षं पानंच पुसली गेली.

म्हणून निघायच्या आदल्या दिवशी हे म्हणाले, "सुमन, ही शेवटची खेप धर. ह्या टायमाला हॉल्टिंग मिळालं न्हाई तर गाडी त्या ट्रान्सपोर्टवाल्याला देऊन टाकतो. तो मला पगारावर ठिवून घेतो म्हणालाय."

"कुठल्या गाडीवर?"

"ह्याच."

आपल्याच गाडीवर नोकर! मी शिवणाचं मशीन झाकलं आणि सांगितलं, मी येणार तुमच्याबरोबर, कागद मी सांभाळणार. गाडी ते आरशासारखी ठेवतात, पण कागद कुठंही कोंबतात. मालासोबत एक गुलाबी बिल्टी असते. माल उतरला की तिच्यावर सही-शिक्का घेऊन ती परत आणायची, की झाली 'पोच'. त्या पोचेवरूनच पैसे ठरतात. मी दहावी झालेली बाई, अर्ध्या गावाच्या ब्लाउजांची मापं वहीत ठेवते. एका कागदाचं ते काय, असं मला वाटलं.

रस्त्याचं फार सांगत नाही. ऐरोलीचा पूल ओलांडताना खाली पाणी दिसलं आणि मी "समुद्र!" म्हणून ओरडले. हे म्हणाले, "खाडी हाय." आमचं मुंबईदर्शन तिथंच आटोपलं.

सोमवार, मुलुंड

किराणा मालाच्या एका मोठ्या कंपनीचं गोडाऊन. आमच्या गाडीत गुळाची खोकी. सकाळी अकराच्या सुमाराला गेटावर गेलो तर वॉचमन म्हणाला, "आत फुल्ल आहे. बाहेर लाईनीत लावा, आवाज देतो." बाहेर आमची गाडी पहिली. मला वाटलं, पहिला नंबर म्हणजे तासाभराचं काम. हे टायर बघायला खाली उतरले, मी पदर सारखा करून बसले.

दहा मिनिटांत मागं एक निळी गाडी येऊन लागली. ती पुरती थांबायच्या आत डाव्या दारातून एका बाईनं खाली उडी मारली. उडीच. मला आमच्या गाडीतून उतरायला ह्यांचा हात आणि देवाचं नाव दोन्ही लागतं. बाई माझ्याच वयाची, पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला बांधलेली, अंबाड्यात अबोलीचा गजरा. तरातरा वॉचमनच्या खिडकीशी गेली.

"दादा, तुमच्या घड्याळात किती वाजले?"

"अकरा वीस."

"मग लिहा ना इथे, अकरा वीस. लाईन नंबर दोन, तेपण लिहा. सही करा. शिक्का कुठाय? मारा ना शिक्का, काय लाजताय."

वॉचमननं मुकाट्यानं सगळं केलं. हे परत येऊन स्टिअरिंगवर हात ठेवून बघत होते. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, माझ्याकडं असं टक लावून बघितलेलं मला आठवत नाही.

मग ती आमच्या दाराशी आली. "वहिनी, कोल्हापूरची गाडी ना? मी विशाखा. दहिसरला राहतो आम्ही, मूळचे कणकवलीकडचे. तो गाडीवर बसलाय तो माझा नवरा, बाबी. रिपोर्टिंग टाकून घेतलात ना?"

रिपोर्टिंग म्हणजे गाडी गेटावर आल्याची वेळ. ती बिल्टीवर नसली तर तुम्ही आलातच नाही असं धरतात. हे मला आता माहीत आहे. तेव्हा शब्दही ठाऊक नव्हता. पण हे ऐकत होते आणि ती बाई भुवया उंचावून उभी होती. मी म्हटलं, "हो, मघाशीच घेतलं की."

ती "झकास" म्हणून गेली. हे म्हणाले, "शाब्बास." मला वाटलं, जरा वेळानं गुपचूप जाऊन लिहून आणू. हे जेवायला गाडीच्या सावलीत बसले, मग आडवे झाले, तेव्हा मी पर्स घेऊन खिडकीशी गेले. तोवर पाळी बदलून दुसरा वॉचमन आला होता.

"सकाळची वेळ मी कशी टाकू काकी? मी होतो का सकाळी? आत्ताची टाकतो, दोन चाळीस."

आता तुम्ही म्हणाल, दोन चाळीस तर दोन चाळीस, घ्यायची की. तेवढ्यानंही काम भागलं असतं. पण ह्यांनी कागद बघितला असता आणि मघाशीचं 'मघाशीच' उघडं पडलं असतं, तेही त्या विशाखेच्या देखत. मी म्हटलं, "राहू दे, नंतर बघू." तीन तासांच्या लाजेसाठी मी कोरा कागद परत पर्समध्ये घातला.

मंगळवार, तेच गेट

गेटाबाहेरच्या जगाची थोडी माहिती देते. आमच्याकडं पाहुणा दारात आला तर घरात पाणी नसलं तरी "बसा" म्हणतात. मुंबईत "थांबा" म्हणतात. बसायला काही नसतं. संडासाला नाक्यावरच्या सुलभमध्ये जायचं, तोंडही तिथंच धुवायचं. अंघोळीचं नावच नाही. फेब्रुवारीतच अंगातून धारा लागत होत्या. आमच्याकडं घाम येतो तो वाळतो तरी, मुंबईचा घाम नुसता अंगावर बसून राहतो.

दुपारी गुळाला पाझर फुटला आणि कुठून कुठून मधमाश्या आल्या. मुलुंडसारख्या ठिकाणी एवढ्या मधमाश्या राहतात कुठं, देव जाणे. एक ह्यांच्या कानाला चावली. वॉचमन लांबून ओरडला, "काका, गाडी मागे घ्या, साहेब बोंब मारतील." मागं घ्यायला मागं जागा कुठं होती? तोवर सात गाड्यांची रांग झाली होती. समोरच्या हायवेवरून देवनारच्या कत्तलखान्याला जाणारी बकऱ्यांची गाडी सुसाट गेली. हे कान चोळत म्हणाले, "बकऱ्यास्नी कोण थांबवून ठेवत न्हाई बघ."

विशाखेनं गाडीच्या आडोशाला स्टोव्ह पेटवून बांगड्याची आमटी केली. तिरफळांचा वास सातही गाड्यांपर्यंत गेला. आमचे हे मटणाशिवाय कशाला सामिष मानत नाहीत, मासा म्हटलं की नाक मुरडतात. मी भाकरी, ठेचा, झुणका असं घरचं काढून ठेवलं होतं. त्यांनी माझी भाकरी घेतली आणि तिच्या आमटीत बुडवली. एकदा नव्हे, तीन भाकऱ्या.

"काटा सांभाळा हां भाऊ," ती म्हणाली.

"काटाबी लागंना झालाय वहिनी, अशी झालीया आमटी."

माझा ठेचा तसाच सुकला.

जेवणं झाल्यावर तिनं रांगेतल्या सगळ्यांना बोलावलं. सगळे तसलेच, एकेक गाडीचे मालक. ती म्हणाली, "हे बघा, मोठ्या कंपन्यांच्या गाड्या ते नाय थांबवत एवढ्या. आपण एकटेदुकटे म्हणून आपली वाट लागते. भीक नको, आपला टाईम लिहून द्या, एवढंच. कोणाचा टाईम धरला नाय तर कोणीच गाडी हलवायची नाय. चालेल?" सगळे चालेल म्हणाले. ह्यांचा आवाज सगळ्यांत मोठा.

नंतर मला म्हणतात, "बाईला पोच हाय बघ. कुठं काय बोलावं ते बरोबर कळतं."

पोच! पर्समध्ये पोचेचा कागद घेऊन फिरणारी मी, आणि पोच म्हणे तिला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, "तिरफळं जरा जास्तच झाली होती." ते ह्यांना ऐकूही गेलं नाही.

बुधवार, साकीनाका आणि दहिसर

सकाळी विशाखा म्हणाली, "आमच्या गाडीचा सेल्फ गेलाय. साकीनाक्याला तार भरायला टाकायचाय. चला वहिनी माझ्याबरोबर, हे दोघे बसतील गाड्यांवर. सेल्फ टाकू, माझ्या घरी अंघोळ करू, संध्याकाळच्या आत परत." सेल्फ म्हणजे गाडी चालू करणारी मोटर, एका पोराच्या वजनाची. अंघोळ हा शब्द ऐकल्यावर माझा सगळा ताठा गळला आणि मी सेल्फच्या पिशवीचा दुसरा बंद धरला.

साकीनाका मला आवडला. गल्लीला गल्ली लागून, प्रत्येक खोलीत एकेक यंत्र, प्रत्येक माणसाचे हात काळे. एवढ्याशा जागेत तांब्याची तार गुंडाळणारे चार कारागीर पाठीला पाठ लावून बसले होते. आमच्याकडं एवढ्या जागेत एक म्हैस बांधतात. विशाखेला तिथं सगळे ओळखत होते. कारागीर म्हणाला, "ताई, दोन दिवस लागतील." ती म्हणाली, "चार वाजता येते मी," आणि निघाली. माझ्याकडं कोणी ब्लाउज टाकायला येतं तेव्हा मी आठ दिवस म्हणते आणि गिऱ्हाईक ऐकतं. असलं गिऱ्हाईक आलं तर मशीनच विकीन.

मग मेट्रो. एक बदलून दुसरी, दोन्ही गार. उंचावरून सगळी उपनगरं पायाखालून गेली, अंधेरी, मालाड, बोरिवली. गच्च्यांवरचं निळं प्लास्टिक, मध्येच एखादं हिरवं टेकाड. तिनं मला खिडकीची जागा दिली. एवढ्यातेवढ्यात तिचं मोठं मन दिसत होतं आणि ते मला खुपत होतं. वाईट असती तर किती बरं झालं असतं.

दहिसरला नदीकाठच्या चाळीत तिच्या दोन खोल्या, समोर पंचवीस मजल्यांचा टॉवर. तिनं बंब तापवला, नवा टॉवेल काढला. गरम पाण्याचा पहिला तांब्या अंगावर पडला आणि मला रडूच आलं. मोरीत बसून मी रडले आणि त्याच मोरीत तिची चंदनाच्या साबणाची नवी वडी बघून जळलेसुद्धा. आम्ही अख्ख्या घराला एक लाल साबण वापरतो.

बाहेर आले तर तिनं भात, डाळ, सोलकढी वाढून ठेवली होती. भिंतीवर कॅलेंडर होतं, काही तारखांना लाल गोल.

"ते थांबलेले दिवस," ती म्हणाली. "पहिली तीन वर्षं एका दिवसाचंपण मिळालं नाय आम्हाला. बाबी कोरा कागद घेऊन यायचा. मी भांडायची त्याच्याशी, काय गो सांगू, किती भांडायची. मग एकदा रडला तो इथे बसून. म्हणाला, खिडकीशी गेलो की मला बोलताच येत नाय. तेव्हा म्हटलं, मेल्या, मग मी येते गाडीवर."

मी ऐकत होते. तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं, की विशाखा, माझाही कागद कोरा आहे. तिनं तर वाट मोकळीच करून दिली होती. म्हणाली, "तुमच्या बिल्टीचा फोटो काढून ठेवते. सगळ्यांचे काढलेत. द्या."

"ह्यांच्याकडं राहिली," मी म्हटलं.

पर्स पलंगावर उघडी होती आणि बिल्टीचं गुलाबी टोक बाहेर आलेलं. तिनं ते बघितलं. मग माझ्याकडं बघितलं.

"बरं," ती म्हणाली. "सोलकढी घ्या अजून."

चार वाजता साकीनाक्याला सेल्फ तयार होता.

गुरुवार, गेटाच्या आत

दहा वाजता आवाज आला. हे स्टिअरिंगला नमस्कार करून गाडी आत घेऊन गेले, मी मागोमाग. मागचा नंबर तिचा, म्हणून विशाखाही खिडकीशी येऊन उभी राहिली. साहेब म्हणजे तिशीचा मुलगा, गळ्यात कार्ड. मी बिल्टी दिली.

"काका, रिपोर्टिंग कुठाय? ब्लँक आहे. म्हणजे गाडी आज आली."

"आज?" हे हसले. त्यांना चेष्टा वाटली. "सोमवारपासनं बसलोय की साहेब. टाइम टाकलाय बघा, मिसेसनी घेतलाय."

साहेबानं कागद त्यांच्यासमोर धरला. ह्यांनी पुढून बघितला, उलटा करून बघितला. मग माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर मी काहीतरी बोलले असते. गाडी गेली, एवढंच त्या तोंडावर होतं.

मी तोंड उघडायच्या आत विशाखा बोलली.

"भाऊ, चूक माझी झाली. वहिनींनी वॉचमनला तोंडी सांगितलं होतं, मग दुपारी तुम्ही आडवे झालात तेव्हा लिहून आणा म्हणून कागद माझ्याकडे दिला. मी विसरले नि तसाच परत दिला. यांना वाटलं टाकलीय." आणि साहेबाकडं वळून म्हणाली, "पण गाडी सोमवारचीच आहे."

"तुम्ही विसरलात म्हणून मी खोटं लिहू का, मॅडम?"

"खोटं कशाला? माझा कागद बघा. सोमवार, अकरा वीस, लाईन नंबर दोन. तुमच्याच वॉचमनची सही. मग एक नंबरला कोण होतं? भूत?"

वॉचमन हसला. साहेब नाही हसला. "तुमची गाडी आत घ्या. यांचं नंतर बघू."

"नाय. यांचं लिहून झाल्याशिवाय माझी हलणार नाय."

तिनं मागं बघून नुसता हात केला. चार दिवसांत ज्याचे चार शब्द ऐकले नव्हते तो बाबी खाली उतरला, किल्ली शर्टाच्या खिशात टाकली आणि टायरला टेकून उभा राहिला. त्याच्या मागचा उतरला, त्याच्या मागचा, शेवटपर्यंत सगळे. आत हमाल रिकामे बसले. एकानं गुळाच्या फुटक्या खोक्यातून खडा काढून तोंडात टाकला. साहेबानं फोन केला, मग अजून एक केला. तासाभरानं त्यानं आमच्या कागदावर लिहिलं, सोमवार, अकरा दहा, उशीर गोडाऊनकडून. आणि शिक्का मारला.

ह्यांनी कागद दोन्ही हातांनी घेतला. मग विशाखेकडं वळले. मला वाटलं, आता पाया पडतील.

"वहिनी," ते म्हणाले, "एवढं एक काम तुमच्यावर सोपवलं, तेवढंबी ध्यानात राहिलं न्हाई व्हय? आमची गाडी गेली असती आज."

"चुकलं भाऊ," ती म्हणाली.

तिनं माझ्याकडं बघितलं नाही. मीही बोलले नाही. इथं लिहायला हवं की मला फार लाज वाटली. वाटली, पण ती नंतर. आधी जे वाटलं तो आनंद होता. चार दिवसांत पहिल्यांदा त्यांनी तिला नावं ठेवली होती.

घरी

परतीच्या वाटेवर खंबाटकीचा घाट चढताना हे म्हणाले, "बोलायला चांगली हाय बाई, पण भरवशाची न्हाई. तूच बरी." वाईच्या फाट्यावर पुन्हा म्हणाले. कऱ्हाडला चहा घेताना पुन्हा. मी चहा पीत राहिले.

हॉल्टिंगचे पैसे महिन्याभरात आले. गाडी आमचीच राहिली, अजून ह्यांच्याच नावावर आहे. पण गेल्या आठवड्यात विशाखेचा फोन आला. एकेक गाडीवाल्यांची संघटना उभी राहते आहे, थांबण्याचे पैसे सगळ्यांना मिळावेत म्हणून, आणि आमच्या बाजूच्या गाड्यांसाठी भाऊ पाहिजेत. मी ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, "त्या बाईच्या नादाला लागून? एक वेळ टाकायची तिला जमली न्हाई, संघटना काय चालवणार?" आणि दुसऱ्याच दिवशी नव्या खेपेला गेले, एकटेच. आज तिसरा दिवस, भिवंडीत कुठल्याशा गेटावर थांबून आहेत. मघाशी फोनवर म्हणाले, वॉचमन वेळ लिहून देत नाही, आणि मला त्याच्याशी बोलताच येत नाही.

खरं सांगायला एक मिनिट लागेल. सांगितलं तर ते संघटनेत जातील, हेही मला माहीत आहे. पण सांगितलं की ते पुन्हा तिचंच नाव घेतील, आणि या वेळी मला तिच्यात काही खोट काढता येणार नाही. फोन हातात घेऊन बसले आहे.